स्कॅन केलेले दप्तर मायक्रोफिल्मवर उतरवायचे आहे: १६ मिमी की ३५, रिडक्शन (पान किती पट लहान करायचे) किती, आणि फाइलींवर आधी काय काम करावे?

फाइलवाला

नमस्कार मंडळी. स्कॅन झालेला साठा दीर्घकाळ जपण्यासाठी मायक्रोफिल्मवर घ्यायचा आहे. मूळ कागद पुन्हा कॅमेऱ्याखाली धरायचे नाहीत, काही तर आता उरलेलेच नाहीत. त्यामुळे आर्काइव्ह रायटर या यंत्रावर थेट फाइलींमधून फिल्म लिहून घ्यायची असे ठरले आहे. साठा असा:

ए४ पाने सुमारे ३,८०,०००. बहुतेक ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) काळी-पांढरी टिफ, ग्रुप ४ पद्धतीने, माहिती न गमावता दाबलेली. त्यातली ४०,००० जुनी आहेत, ती २०० डीपीआयची. नोंदवह्यांची जोडपाने, आकार ए३, ६,०००, ग्रेस्केल जेपेग, हस्तलिखित. नकाशे ए१, ९००, रंगीत, ३०० डीपीआय. शिवाय काही हजार पीडीएफ, जी कागदावर कधी नव्हतीच.

रीळ कोणते घ्यावे, किती लागतील, फाइलींवर आधी काय करावे, आणि तयार रीळ हातात आल्यावर ते खरेच टिकाऊ आहे हे कशावरून ओळखावे? पुरवठादारांना विचारले की "पाचशे वर्षे टिकते" यापलीकडे गाडी जात नाही.

रीळमास्तर

पाचशे वर्षांचा आकडा खरा आहे, पण त्याला अटी आहेत. फिल्म पॉलिएस्टर बेसवरची सिल्व्हर-जिलेटिन हवी, तिचे प्रोसेसिंग आयएसओ १८९०१ मध्ये बसले पाहिजे आणि साठवण आयएसओ १८९११ प्रमाणे हवी. तिन्ही जमले तर एलई-५०० (अपेक्षित आयुष्य ५०० वर्षे) म्हणता येते. यातले एक सुटले तरी आकडा गेला. डायझो किंवा व्हेसिक्युलर (चांदीऐवजी इतर रसायनांवर निघणारी) प्रत कितीही नीट ठेवली तरी तिला हा दर्जा मिळत नाही. त्या वापरायच्या प्रती.

आता हिशेब. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल. कागदावर एक पिक्सेल ८४.७ मायक्रॉनचा. २४ पट लहान केले की फिल्मवर तो ३.५३ मायक्रॉनचा होतो आणि पानाची उंची १२.४ मिमी भरते. १६ मिमी फिल्मवर हे बसते, खाली ब्लिपलाही (यंत्राने फ्रेम मोजायची खूण) जागा राहते. एक काळी, एक पांढरी अशा जोडीने मोजले तर ही फिल्मवर मिमीला सुमारे १४२ रेषाजोड्या झाल्या. चांगल्या मायक्रोफिल्मला त्याचे काही वाटत नाही. अडचण असलीच तर रायटरची असते.

म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या यंत्राचा फिल्मवरचा पिक्सेल किती मायक्रॉनचा? समजा उत्तर आले ४.५. मग १२.४ मिमी उंचीत जेमतेम २,७५५ पिक्सेल मावतील. तुमचे आहेत ३,५०८. सॉफ्टवेअर मुकाट्याने ते आकसून टाकेल आणि ३०० डीपीआयच्या पानाची फिल्मवर २३६ डीपीआयची प्रत होईल. कोणी काही बोलणार नाही, कारण पडद्यावर पान छानच दिसते.

रिळांची संख्या: ए४ उभे पान, उंची फिल्मच्या रुंदीवर आडवी घातली तर लांबीत ८.७५ मिमी जातात, मधली मोकळी जागा २ मिमी धरा. ३०.५ मीटरच्या रिळात दोन्ही टोकांना एकेक मीटर कोरे सोडले की २,६०० च्या आसपास फ्रेम येतात. टार्गेट (माहितीच्या आणि तपासणीच्या फ्रेम) वगैरे वजा जाता २,५०० धरा. म्हणजे ३,८०,००० पानांना १५२ रिळे. ६५.५ मीटरची पातळ फिल्मही मिळते, तिच्यात दुपटीहून जास्त पाने बसतात आणि खर्च वाचतो म्हणून तीच पुढे केली जाईल. मास्टरसाठी, म्हणजे जपून ठेवायच्या पहिल्या प्रतीसाठी, घेऊ नका. पातळ बेस रिवाइंडरवर कडेने दुमडतो, चिरतो. दुय्यम प्रतींना चालेल.

नकाशे ३५ मिमीवर, २० पट. ए१ ची छोटी बाजू २९.७ मिमी, लांब बाजू ४२. रिळात सहाशेच्या वर फ्रेम बसतात, म्हणजे ९०० नकाशे दोन रिळांत.

पिक्सेलपंत

वरचा हिशेब बरोबर. पण फिल्म लिहिण्याच्या आधीच निम्मे नुकसान होऊन जाते, त्याबद्दल.

पहिली गोष्ट म्हणजे डीपीआयचा टॅग, म्हणजे फाइलीत नोंदलेला डीपीआयचा आकडा. रायटर रिडक्शन ठरवतो तो पिक्सेल मोजून नव्हे, टॅग वाचून. एखाद्या सॉफ्टवेअरने फाइल पुन्हा सेव्ह करताना ३०० च्या जागी ७२ लिहिले असेल तर २,४८० पिक्सेलचे पान यंत्राला ८७५ मिमी रुंद वाटते. मग ते एकतर कापले जाते, नाहीतर फ्रेममध्ये कोंबले जाते आणि त्या पानाचे रिडक्शन बाकीच्यांपेक्षा वेगळे पडते. सगळ्या फाइलींचे टॅग आणि पिक्सेलमाप एका तक्त्यात काढा. ए४ च्या आसपास न बसणारी प्रत्येक ओळ डोळ्यांनी पाहा.

दुसरी गोष्ट क्रमाची. पान१, पान१०, पान११, पान२ ही तर जुनीच भानगड. नावांत आधी शून्ये भरून घ्या: ०००१, ०००२. बहुपानी टिफ असतील तर फोडा. कोरी पाने आपोआप गाळण्याची सोय बंद ठेवा. कोरी मागची बाजू हीसुद्धा नोंद आहे, आणि फिकट शाईचे पान यंत्राला कोरे वाटू शकते.

तिसरी गोष्ट पीडीएफची, आणि इथे मराठी दप्तराला खास फटका बसतो. जुनी पीडीएफ बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. फॉन्ट फाइलीत एम्बेड केलेला नसेल तर चित्र बनवणारे यंत्र दुसराच फॉन्ट लावते आणि अख्खे पान रोमन अक्षरे व चिन्हांच्या खिचडीत जाते. संगणकावर ही चूक निदान फॉन्ट टाकून सुधारता येते. फिल्मवर ती कायमची बसते. म्हणून प्रत्येक पीडीएफची फॉन्टयादी काढायची, "एम्बेड नाही" असे दिसले की ती बाजूला. बाकीच्यांची ३०० डीपीआय काळी-पांढरी टिफ बनवायची आणि बनवताना अँटी-एलियासिंग (कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून करडे पिक्सेल भरणे) बंद ठेवायचे, नाहीतर कडांचा करडा भाग नंतर काळ्या-पांढऱ्यात जाताना अक्षर कुठे जाड, कुठे तुटके होते.

नोंदवह्यांच्या बाबतीत मात्र मी १६ मिमी टाळेन. बसायला त्या तिथेही बसतात, २४ पटीला १२.४ × १७.५ मिमी. पण हस्तलिखित ग्रेस्केल आहे. रायटर फक्त काळे-पांढरे लिहिणारा असेल तर ग्रे दाखवायला तो ठिपके पेरतो आणि बोरूची बारीक रेघ त्या ठिपक्यांत विरते. त्यापेक्षा ग्रे प्रतिमा आधी ६०० डीपीआयला मोठी करायची आणि मग स्थानिक पार्श्वभूमी बघून उंबरठा (कोणत्या छटेपासून काळे धरायचे) ठरवणाऱ्या पद्धतीने काळी-पांढरी करायची. ग्रे छटांमधली माहिती अशी कडांच्या आकारात उतरते. ६०० डीपीआयचा पिक्सेल ३५ मिमीवर १२ पटीला पुन्हा ३.५३ मायक्रॉनच येतो. रिळे आठ लागतील, पाचऐवजी. तेवढे सोसा.

जेपेगमध्ये अक्षरांभोवती बारीक धूळ असते. पडद्यावर ती दिसत नाही, पण उंबरठा लावला की काळे कण होऊन बसते. अनुस्वार कोणता आणि कण कोणता, हे नंतर कोणी सांगू शकणार नाही. कण काढणारा फिल्टर लावायचा तर त्याची मर्यादा अनुस्वाराच्या खूप खाली ठेवा. बारीक छपाईतला ०.३ मिमीचा अनुस्वार ३०० डीपीआयला साडेतीन पिक्सेल रुंद असतो, २०० ला २.४. "तीन पिक्सेलपर्यंतचे कण काढा" अशी सोय २०० डीपीआयच्या पानावर चालवली तर "मुलांना"चे "मुलाना" होते, आणि तेही सलग चाळीस हजार पानांवर.

फाइलवाला

दोघांचेही आभार, टॅगचा तक्ता आजच काढायला घेतो. दोन उपप्रश्न. २०० डीपीआयची पाने मोठी करून ३०० केली तर उपयोग होईल का? आणि नकाशांत लाल-निळ्या हद्दी आहेत, काळ्या-पांढऱ्या फिल्मवर त्यांचे काय?

पिक्सेलपंत

मोठी करून माहिती वाढत नाही, उलट बिघडते. २०० चे ३०० म्हणजे दीडपट. एक पिक्सेलची रेघ दीड पिक्सेल होऊ शकत नाही, म्हणून ती कुठे एक, कुठे दोन होते. शिरोरेषा पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागते. रायटरचा पिक्सेल ३.५ मायक्रॉनचा असेल तर ही पाने ३६ पटीला लिहा. तिथे फाइलीतला एक पिक्सेल म्हणजे फिल्मवरचा एक पिक्सेल, मध्ये काही फेरगणित नाही. ती वेगळ्या रिळांवर घ्या. एका रिळात एकच रिडक्शन.

पण आधी ठरवा की ती फिल्मवर घेण्याजोगी आहेत का. काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठी सोपे सूत्र आहे: डीपीआय गुणिले ०.०३९ गुणिले सर्वांत लहान अक्षराची मिमीतली उंची, भागिले ३. उत्तर ८ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे ठीक, ३.६ म्हणजे कसेबसे वाचता येईल. २०० डीपीआय आणि २ मिमीचे अक्षर: ५.२. चालेल. अक्षर १ मिमीचे असेल तर २.६, म्हणजे गेलेच. हे सूत्र रोमन लिपीच्या लहान "ई"वर बेतलेले आहे. देवनागरीत मात्रा, रफार, जोडाक्षरे अक्षराच्या उंचीच्या बाहेर आणि पोटात दाटीने असतात, म्हणून मी एक पायरी वरचे उत्तर मागतो. जिथे उत्तर ५ च्या खाली येते आणि कागद अजून हाताशी आहे, ती पाने पुन्हा स्कॅन करा. कागद नसेल तर आहे तसे लिहा आणि रिळाच्या सुरुवातीच्या टार्गेटवर "मूळ स्कॅन २०० डीपीआय" असे स्पष्ट छापा. पुढच्या वाचणाऱ्याला दोष फिल्मचा नाही हे कळले पाहिजे.

रीळमास्तर

नकाशांचे: लाल आणि निळी हद्द ग्रेमध्ये एकाच छटेची होऊ शकते. रंगाला अर्थ असेल तर प्रत्येक नकाशाच्या तीन फ्रेम करा. लाल, हिरवा आणि निळा चॅनेल, प्रत्येक वेगळी ग्रे प्रतिमा म्हणून. चांदीच्या प्रतिमेतला रंग उडण्याचा प्रश्नच नाही, कारण तिथे रंग नाहीतच. चारही कोपऱ्यांत जुळवणीच्या फुल्या हव्यात, एका कडेला रंगपट्टी हवी आणि फ्रेमखाली डोळ्यांना वाचता येईल असे चॅनेलचे नाव हवे. फुल्या नसतील तर पुन्हा स्कॅन केल्यावर तिन्ही थर एकमेकांवर बसत नाहीत आणि हद्दीच्या दोन रेषा दिसतात. २,७०० फ्रेम म्हणजे पाच रिळे. हे सगळ्या ९०० नकाशांना करायची गरज नसेल. ज्यांत रंग नुसता सजावटीचा आहे ते एकाच फ्रेममध्ये जाऊ द्या. मात्र छटांसाठी फिल्म कमी कॉन्ट्रास्टने डेव्हलप करावी लागते, म्हणून ही रिळे मजकुराच्या रिळांबरोबर एकाच प्रोसेसिंगमध्ये घालू देऊ नका.

हायपो

रीळ टिकाऊ आहे हे कशावरून ओळखावे, याला अजून कोणी हात घातला नाही. तिथे सगळा खेळ धुण्याचा आहे.

फिक्सरमधला थायोसल्फेट, म्हणजे आपला हायपो, जिलेटिनमध्ये राहिला तर काही वर्षांनी तो विघटित होतो आणि त्यातले गंधक चांदीला धरते. प्रतिमा पिवळट-तपकिरी होत फिकी पडते. म्हणून उरलेल्या थायोसल्फेटची मर्यादा दर चौरस मीटरला ०.०१४ ग्रॅम अशी आहे. तपासणी मिथिलीन ब्लू पद्धतीने, आयएसओ १८९१७ प्रमाणे, आणि प्रोसेसिंगनंतर १४ दिवसांच्या आत. ही मुदत महत्त्वाची. उशीर झाला की थायोसल्फेटचे रूप बदललेले असते, आकडा कमी येतो आणि खराब धुतलेले रीळही पास होते. नमुना प्रकाश न लागलेल्या पारदर्शक भागाचा लागतो. त्यामुळे रिळाच्या शेवटी कोरी फिल्म थोडी जास्त सोडायला सांगा, नाहीतर तपासणीसाठी कापायला तुकडाच उरत नाही. अहवालावर प्रोसेसिंगची आणि तपासणीची अशा दोन्ही तारखा मागा. एकच तारीख असलेला अहवाल परत पाठवा.

घनता, म्हणजे फिल्मचा काळेपणा: मजकुराच्या निगेटिव्ह मास्टरवर काळी पार्श्वभूमी १.० ते १.२ च्या दरम्यान आणि पारदर्शक भाग ०.१० च्या आत. मोजायला रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक संपूर्ण पांढरी फ्रेम लिहून घ्या, फिल्मवर ती एकसारखी काळी येते. दोन्ही टोकांत ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर डेव्हलपर थकत होता किंवा तापमान हलत होते. पार्श्वभूमी १.५ कडे गेली तर ती जास्त चांगली असे समजू नका, कारण प्रकाश पसरून अक्षरांच्या पारदर्शक रेघा बुजतात. आधी अनुस्वार जातात, मग "ष"ची तिरपी रेघ.

बेस खरेच पॉलिएस्टर आहे का, हे घरबसल्या पाहता येते. गुंडाळलेले रीळ कडेने दिव्यासमोर धरा. प्रकाश थरांमधून आरपार येत असेल तर पॉलिएस्टर. अ‍ॅसिटेट गडद दिसतो. जुनी अ‍ॅसिटेट रिळे आधीपासून साठ्यात असतील आणि त्यांना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर नवी रिळे त्या खोलीत ठेवूच नका.

सरळ, फ्रेम ओलांडून जाणारी लांब रेघ दिसली तर ती दोनपैकी एका कारणाने असते. ती फिल्मच्या पृष्ठभागावर असेल, तिरपे धरल्यावर चमकत असेल, तर प्रोसेसरच्या रबरी पुसणीने किंवा रोलरने ओढलेला ओरखडा. चमकत नसेल आणि प्रतिमेतच असेल तर रायटरच्या लेन्सवर किंवा प्रकाशपट्टीवर कचरा आहे. दुसऱ्या प्रकारात त्या दिवसाची सगळी रिळे तपासा, एकच नाही.

फाइलवाला

प्रत्यक्ष तपासायला बसल्यावर काय क्रमाने पाहावे? १५० च्या वर रिळे आहेत, प्रत्येक फ्रेम पाहणे शक्य नाही.

हायपो

पहिली पाच रिळे पूर्ण पाहा, फ्रेम न फ्रेम. पुढे दर रिळाची सुरुवात, मध्य, शेवट. पण फ्रेमसंख्या मात्र प्रत्येक रिळाची जुळवा. यादीत २,४५० आणि फिल्मवर २,४४८ असतील तर रीळ परत. दोन पाने कुठली गेली ते शोधायचे काम पुरवठादाराचे. तुकडा जोडून दुरुस्ती स्वीकारू नका. कॅमेऱ्याच्या काळात जोड नाइलाजाने चालवून घेत. इथे फाइली हाताशी आहेत, अख्खे रीळ पुन्हा लिहिता येते. चिकटपट्टीचा जोड तर मास्टरवर अजिबात नको.

रेझोल्यूशन पाहायला आयएसओचे क्रमांक २ चे टेस्ट चार्ट स्कॅन करून फिल्मवर लिहितात. ते तेवढे उपयोगाचे नाही, कारण चार्टच्या रेघा पिक्सेलच्या जाळीशी जुळत नाहीत आणि मुआरे, म्हणजे लाटांसारखी खोटी नक्षी, उठतो. त्याऐवजी फाइलीतच बनवलेले टार्गेट लिहून घ्या: एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघा, तशाच आडव्या, मग दोन-दोन पिक्सेलच्या. पाचही जागी, म्हणजे मध्यभागी आणि कोपऱ्यांत. १०० पट सूक्ष्मदर्शकाखाली एक-एक पिक्सेलच्या रेघा सुट्या दिसल्या तर प्रतिमा एकास एक उतरली आहे. फिल्मच्या लांबीला समांतर रेघा सुट्या आणि रुंदीला समांतर बुजलेल्या असतील तर फिल्म सरकण्याचा वेग आणि लिहिण्याचा वेग जुळत नाही. सगळीकडे सारखीच लाटांसारखी नक्षी आली तर सॉफ्टवेअरने आकार बदलला आहे, पुरवठादार काहीही म्हणो.

रीळमास्तर

टार्गेटवर आणखी थोडे. प्रत्येक फ्रेमखाली फाइलचे नाव डोळ्यांनी वाचता येईल असे छापून घ्या. ब्लिप तीन मापांचे असतात: छोटा पानासाठी, मधला दस्तासाठी, मोठा गठ्ठ्यासाठी. ब्लिप मोजणारे यंत्र उद्या नसेल, नाव मात्र भिंगाखालीही वाचता येईल. रिळाच्या पहिल्या फ्रेमांत त्या रिळाची पूर्ण सूची, रिडक्शन, फाइलींचा प्रकार आणि कोणत्या दिशेने वाचायचे हे असू द्या. फाइलींच्या शा-२५६ बेरजा (फाइल तीच आहे हे पडताळण्याचा आकडा) फिल्मवर छापण्याचा आग्रह काही जण धरतात. फिल्मवरून पुन्हा स्कॅन केलेल्या प्रतिमेची बेरीज कधीच जुळणार नाही, तेव्हा त्याचा उपयोग फक्त एवढाच की कोणत्या फाइलीवरून लिहिले याची नोंद राहते. जागा असेल तर छापा.

प्रती तीन: मास्टर, त्यावरून सिल्व्हरची छपाई प्रत, आणि तिच्यावरून वापरायच्या डायझो. मास्टर फक्त छपाई प्रत काढण्यापुरता उघडायचा. दर पिढीला रेझोल्यूशन साधारण एक पायरी उतरते, म्हणून ३६ पटीच्या रिळांची डायझो आधी एक काढून पाहा, मग बाकीच्यांना परवानगी द्या. आणि डायझो निगेटिव्हवरून निगेटिव्हच देते, साधी सिल्व्हर प्रिंट फिल्म उलटे करते. कोणती प्रत काळ्यावर पांढरी आणि कोणती पांढऱ्यावर काळी, हे करारात लिहून ठेवा, नाहीतर निम्मी रिळे एक, निम्मी दुसरी अशी येतात.

हायपो

साठवणीत माणसे तापमानाला जपतात आणि खोक्यावर घसरतात. २१ अंशांच्या वर जाऊ नये, आर्द्रता २० ते ५० टक्क्यांत, मी ३५ च्या आसपास स्थिर ठेवायला सांगेन. जर्मनीत ओबररीडच्या बोगद्यात पोलादी पिंपांत फिल्म बंद करतात तीही ३५ टक्क्यांवर आणून. पण खोके साध्या पुठ्ठ्याचे असेल तर त्यातून निघणारे पेरॉक्साइड चांदीवर लालसर ठिपके पाडतात, सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळात वर्तुळ असे. त्यांना रेडॉक्स डाग म्हणतात आणि ते रिळाच्या बाहेरच्या वेढ्यांपासून सुरू होतात, म्हणून दर दोन वर्षांनी नमुना तपासताना पहिले काही मीटर जरूर उलगडा. खोके पॉलिप्रॉपिलीनचे किंवा आयएसओ १८९१६ ची चाचणी पास झालेल्या कागदाचे. पीव्हीसी नको, रबरबँड तर मुळीच नको, त्यातही गंधक असते. ताज्या रंगाची खोली आणि झेरॉक्स मशीनची शेजारची खोली, दोन्ही टाळा. पॉलिसल्फाइडची प्रक्रिया (चांदीचे स्थिर सल्फाइड बनवणारी) करून घेतली तर चांदी या हल्ल्याला पुष्कळ पुरते. प्रोसेसिंगच्या वेळीच विचारा, नंतर वेगळी करायला गेलात तर पुन्हा ओले करणे आले.

थंड कोठीतून रीळ काढले की लगेच खोके उघडू नका. बंद खोक्यातच २४ तास खोलीत राहू द्या, नाहीतर दव धरते आणि थर एकमेकांना चिकटतात.

फाइलवाला

टॅगचा तक्ता निघाला. ३,८०,००० पैकी ११,२०० फाइलींत ७२ आहे, सगळ्या एकाच गठ्ठ्यातल्या. पिक्सेलमाप ३०० चेच दिसते.

पिक्सेलपंत

मग पिक्सेलना हात न लावता फक्त टॅग बदला. प्रतिमा पुन्हा दाबणारे, पुन्हा सेव्ह करणारे साधन वापरू नका. बदलण्याआधी आणि नंतर प्रतिमेच्या पिक्सेलची बेरीज काढा, ती तीच आली पाहिजे. आणि त्या गठ्ठ्यातली दहा-वीस पाने उघडून कोपरे पाहा. ज्या सॉफ्टवेअरने टॅग बिघडवला त्याने कडाही कापल्या असतील, तर समासातली टिपणे आधीच गेलेली असतील.